पुढचं पाठ, मागचं सपाट

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा तास. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसलेल्या. एकीच्या हातात स्टॉपवॉच आणि पत्त्यांसारखी कापलेली पुठ्ठ्याची बारा कार्डं, ही प्रयोगकर्ती. दुसरी ‘प्रयुक्त’, म्हणजे जिच्यावर प्रयोग व्हायचा ती. प्रत्येक कार्डावर दोन अक्षरं, अर्थ काहीच नाही: नुझ, ठोय, डुव, गेभ, फुण. दर दोन सेकंदांनी एक कार्ड उलटायचं. बारा झाली की पुन्हा पहिल्यापासून, आणि आता प्रयुक्तने पुढचं कार्ड दिसायच्या आत त्यावर काय आहे ते सांगायचं. सलग दोन फेऱ्या बिनचूक गेल्या की थांबायचं आणि किती फेऱ्या लागल्या ते जर्नलात टिपायचं.

यादी आदल्या रात्री घाईत केलेली असते, त्यामुळे हटकून एखादी गफलत होते. समजा, सातव्या कार्डावर ‘पेण’ येऊन बसलं. यादीची सुरुवात आणि शेवट लवकर पाठ होतात, मधली अक्षरं सगळ्यात जास्त छळतात, हे या प्रयोगातलं नेहमीचं निरीक्षण. पण पेण मधोमध असूनही पहिल्याच फेरीत सगळ्यांना पाठ. गणपतीच्या मूर्तींचं गाव कोण विसरणार? ‘लेझ’ घेतलं तर कुणाला तरी लेझीम ऐकू येते. अर्थ नसलेलं काही लिहायला बसलं की अर्थ कुठल्या ना कुठल्या फटीतून आत शिरतो, हे कळायला हा एक तास पुरतो.

नेमकी हीच अडचण 1879 साली जर्मनीत हेर्मान एबिंगहाउसला आली होती. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, विद्यार्थी नव्हते, अनुदान तर नव्हतंच. प्रयोगकर्ता तोच आणि प्रयुक्तही तोच. व्यंजन, स्वर, व्यंजन असे सुमारे 2300 तुकडे त्याने तयार केले. चिठ्ठ्या काढाव्यात तसे त्यातून उचलून याद्या केल्या आणि घड्याळाच्या ठोक्यावर, एका लयीत, आवाजात चढउतार न करता तो त्या घोकत राहिला. आधी वर्षभर, मग 1883-84 मध्ये पुन्हा तितकाच काळ. शेजाऱ्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न इतिहासाने नोंदवलेला नाही.

त्याची खरी करामत घोकण्यात नव्हती, मोजण्यात होती. ‘किती आठवतंय?’ असं विचारलं तर पुष्कळदा उत्तर शून्य येतं आणि शून्यापुढे मोजणी थांबते. एबिंगहाउसने प्रश्नच बदलला: तीच यादी पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो? पहिल्यांदा वीस मिनिटं लागली आणि काही दिवसांनी बारा, तर आठ मिनिटं वाचली; बचत चाळीस टक्के. ओठांवर एक अक्षर येत नसलं तरी ही बचत दिसते. म्हणजे आत काहीतरी शिल्लक आहे, फक्त मालकाला त्याचा पत्ता नाही. साधारण वीस मिनिटांनी त्याची बचत 58 टक्के भरली, तासाभराने 44, एका दिवसाने 34 आणि 31 दिवसांनी 21. विसरण्याचा मोठा घास पहिल्या तासाभरातच घेतला जातो. नंतरची झीज संथ. 1885 साली त्याने हे छापलं. पुढे 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या याप मुरे आणि जोएरी ड्रोस यांनी तो सगळा खटाटोप नव्याने केला. एकाच माणसाने सुमारे सत्तर तास निरर्थक अक्षरं घोकली, आणि वक्ररेषा बव्हंशी तीच निघाली. मानसशास्त्रातले कितीतरी गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहताना कोसळत असताना, एका माणसाच्या डोक्यावर झालेला हा प्रयोग सव्वाशे वर्षांनी टिकावा, याची गंमत वाटते.

अध्ययन आणि स्मृती हा पेपर घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात एक छुपी आशा असते: स्मरणशक्ती वाढेल. शहरातल्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर त्या अर्थाच्या जाहिराती असतात. विद्यापीठात तेच जरा शास्त्रशुद्ध मिळेल, असं वाटतं. पहिल्या महिन्यातच हिरमोड होतो. वाढवण्याचं कुणी बोलतच नाही. बोलणं सगळं मोजण्याचं आणि विसरण्याचं. वर परिभाषेचा डोंगर. मराठी माध्यमातल्या मुलांना तो जास्तच जाणवतो: अभिसंधान, प्रबलन, प्रत्यावाहन, प्रत्यभिज्ञा. मनातून आठवून काढणं म्हणजे प्रत्यावाहन आणि समोर आल्यावर ओळखणं म्हणजे प्रत्यभिज्ञा, हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि हमखास उलटा सांगितला जातो. खरं तर ‘प्रत्यभिज्ञा’ हा शब्द वाटतो तितका परका नाही. कालिदासाच्या शाकुंतलाच्या नावातलं ‘अभिज्ञान’ त्याच कुळातलं. दुष्यंताची स्मृती पुसली गेलेली नसते, अडलेली असते; अंगठी दिसते आणि दार उघडतं. टुल्विंग आणि पर्लस्टोन यांनी 1966 मध्ये अंगठीऐवजी शब्दयाद्यांवर हेच दाखवलं. नुसतं ‘आठवा’ म्हटलं तर जे शब्द हाती लागत नव्हते, ते त्यांच्या गटाचं नाव सांगताच बाहेर आले. साठवलेलं असणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं.

अंगठीच्या आधी अभ्यासक्रमात कुत्रा येतो. पाव्हलॉव्हला नोबेल मिळालं 1904 मध्ये, तेही पचनक्रियेवरच्या कामासाठी. लाळेचं प्रकरण त्याच संशोधनाच्या वाटेवर सापडलं. सगळ्यांना ठाऊक असलेली घंटाही बऱ्याच अंशी लोककथाच, त्याच्या प्रयोगांत मेट्रोनोम आणि बझर जास्त वाजले. मग थॉर्नडाइकची 1898 ची मांजरं, खटक्याच्या पेटीत कोंडलेली, प्रयत्न-प्रमादाने हळूहळू शहाणी होणारी. मग स्किनर, मग उंदरांच्या पिढ्या. विद्यार्थ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि शिकवण्याच्या ठरावीक पद्धतीमुळे तो कंटाळवाणा होतोही. त्यातला एक प्रयोग मात्र थांबून पाहावा असा आहे. टोलमन आणि हॉन्झिक यांनी 1930 मध्ये काही उंदरांना दहा दिवस चक्रव्यूहात नुसतं भटकू दिलं. शेवटी खाणं नाही, बक्षीस नाही. उंदीर चुकत राहिले. काही शिकले आहेत असं कुणी म्हटलं नसतं. अकराव्या दिवशी खाणं ठेवलं, आणि बाराव्या दिवशी ते पहिल्यापासून खाणं मिळत आलेल्या उंदरांच्या तोडीस तोड धावले. शिकणं आधीच झालं होतं, दाखवायला कारण नव्हतं. वर्गात मागच्या बाकावर बसून गप्प राहणाऱ्या मुलांबद्दल घाईने मत बनवणाऱ्या शिक्षकांना हे उंदीर मुद्दाम भेटवावेत.

भारतात हा विषय प्रयोगशाळेतूनच आला. कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा देशातला पहिला विभाग सुरू झाला, हार्वर्डला म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकून आलेल्या एन. एन. सेनगुप्तांकडे त्याची सूत्रं होती. पुण्यात विद्यापीठ 1949 चं, प्रा. कोठुरकरांनी तिथे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला, आणि अध्ययन व स्मृती या विषयावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. त्या परंपरेची खूण आजही प्रात्यक्षिकाच्या खोल्यांतल्या लाकडी कपाटांत सापडते: फिरता मेमरी ड्रम, चक्रव्यूहाची पाटी, आणि आरशात पाहून चांदणी गिरवायचं यंत्र.

ते यंत्र कपाटातून बाहेर काढावं. तळाशी दुहेरी रेघांची चांदणी, समोर उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून वर आडवी फळी. आरशात पाहत पेन्सिल दोन रेघांमधून न्यायची. ऐकायला पोरखेळ, करताना हात ऐकत नाही. पुढे न्यायची म्हटलं की मागे येते, कोपऱ्यावर तर पेन्सिल जागच्या जागी थरथरते. पहिल्या फेरीत तीसचाळीस चुका होतात, दहाव्या फेरीपर्यंत त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. विद्यार्थी आलेख काढतात, सही घेतात आणि विसरतात. याच चांदणीने 1950 च्या दशकात स्मृतीच्या शास्त्राचा कणा बदलला, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना सांगितलं जातं.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे 1953 साली हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. फेफऱ्याने त्याचं जगणं अशक्य केलं होतं. विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग, हिपोकॅम्पसच्या मोठ्या हिश्शासह, काढून टाकला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं शाबूत, बालपणही बरंचसं शाबूत. फक्त नवी आठवण बसेना. माँट्रिअलहून त्याला तपासायला येणाऱ्या ब्रेंडा मिल्नर खोलीबाहेर जाऊन परत आल्या की त्यांची नव्याने ओळख करून द्यावी लागे. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध 1957 मध्ये आला आणि ‘एच. एम.’ ही दोन अक्षरं पाठ्यपुस्तकांत शिरली. पूर्ण नाव जगाला कळलं ते 2008 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

मिल्नर यांनी त्याच्यापुढे आरसा आणि चांदणी ठेवली. तीन दिवस, रोज दहा फेऱ्या. दुसऱ्या दिवशी त्याला काहीच आठवत नव्हतं. हे यंत्र आपण पूर्वी पाहिलंय याची सुतराम कल्पना नाही. पेन्सिल हातात घेतली आणि चुका मात्र आदल्या दिवशी जिथे थांबल्या होत्या त्याच्या आसपासच सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याने चांदणी जवळजवळ सफाईने गिरवली आणि एवढी अवघड दिसणारी गोष्ट सहज जमली म्हणून त्यालाच नवल वाटलं. हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. स्मृती ही एक कोठी नसून तिची वेगवेगळी घरं आहेत, हे यानंतर नाकारणं कठीण झालं. मृत्यूनंतर सॅन डिएगोला त्याच्या मेंदूचे 2401 पातळ काप केले गेले. जिवंतपणी त्याने जवळपास पाच दशकं संशोधकांना वेळ दिला, आणि आपण कशासाठी येतो हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागलं. शास्त्राने त्याच्याकडून घेतलं त्याची परतफेड झाली का, हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारायला हवा. सहसा विचारला जात नाही.

मराठी माणसाने स्मृतीबद्दलचा एक सिद्धान्त म्हणीत घालून ठेवला आहे: पुढचं पाठ, मागचं सपाट. विसरायला काळ कारण होतो की मधे शिरलेलं नवं शिक्षण, हा वाद या विषयात बराच रंगला. म्युलर आणि पिल्त्सेकर यांनी 1900 साली दाखवलं, की एक यादी पाठ होताच लगेच दुसरी घेतली तर पहिलीचं नुकसान होतं. मग 1924 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना चक्क प्रयोगशाळेत झोपवलं. यादी पाठ केल्यावर कधी झोप, कधी दिवसभराची जाग. एक, दोन, चार, आठ तासांनी तपासणी. झोपेनंतर जास्त उरलं. काळ तितकाच गेलेला, फक्त मधे पुढचं पाठ झालेलं नाही. झोपेत मेंदू निव्वळ पडून राहत नाही, हे पुढे कळलं, पण म्हणीची बाजू तेव्हाच बळकट झाली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पाच धडे एकामागून एक उरकणाऱ्याने तरी या दोघा झोपाळू विद्यार्थ्यांचे आभार मानावेत.

स्मृती गळते हे पचतं. ती बदलते, हे पचायला जड जातं. ‘माझ्या डोळ्यांनी पाहिलंय’ यापुढे पुरावा तो काय? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने 1932 च्या पुस्तकात एका उत्तर अमेरिकी आदिवासी कथेची इंग्रज वाचकांच्या आठवणीत काय गत होते ते सविस्तर मांडलं: डोंगीची होडी झाली, सीलची शिकार करणारे तरुण मासे धरायला गेले, भुतांचा धागा गळून पडला. सांगणारे खोटं बोलत नव्हते. त्यांचं मन गोष्ट आपल्या ओळखीच्या साच्यात बसवत होतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग तर भाषेच्या माणसाने मुद्दाम वाचावा. मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्न एकच, क्रियापद निराळं. मराठीत ते साधारण असं: गाड्या एकमेकींना टेकल्या तेव्हा वेग किती होता, धडकल्या तेव्हा किती, आदळून चक्काचूर झाला तेव्हा किती? सौम्य क्रियापदाला सरासरी उत्तर आलं ताशी 31.8 मैल, कडक क्रियापदाला 40.8. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? कडक क्रियापद ऐकलेल्या पन्नास जणांपैकी सोळा हो म्हणाले, धडकण्याचा साधा शब्द ऐकलेल्यांपैकी सात. फिल्ममध्ये काचा फुटल्याच नव्हत्या. न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमाणांत जागा दिली नाही, त्यामागची कारणं तर्काची होती, काचांची नव्हती. तरी तो निर्णय इथे आठवतो.

आणि आता घरचा आहेर. हा विषय ज्या रीतीने विद्यापीठांत शिकला जातो, ती रीत या विषयानेच मोडीत काढलेली आहे. पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं गाईड, झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी, तोच मजकूर चारदा वाचणं. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एकदा वाचला आणि तीन सत्रं पुस्तक न उघडता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं: वाचणारे 40, आठवणारे 61. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की प्रयोगाच्या वेळी आपल्याला पुढे जास्त आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचं म्हणजे येणारं, असा समज होतो. प्रत्यभिज्ञेला प्रत्यावाहन समजण्याची तोंडी परीक्षेतली तीच चूक. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा रीती पारखल्या, तेव्हा वरचा क्रमांक दोनच रीतींना मिळाला: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं. अधोरेखन आणि पुनर्वाचन तळाशी.

इथे आजीआजोबांच्या घोकंपट्टीची थोडी बाजू घ्यायला हवी. संध्याकाळी दिवे लागल्यावर परवचा म्हणायची, त्यात पाढे, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पुस्तक समोर नाही, रोज थोडं, चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्ती. ज्या दोन रीतींना 2013 मध्ये प्रशस्तिपत्र मिळालं, त्या दोन्ही ओसरीवर रोज चालत होत्या. समजुतीचा मुद्दा अर्थात वेगळा. औटकी म्हणणाऱ्या सगळ्यांना साडेतीनने गुणणं कळत होतंच असं नाही. वेदपाठकांची तऱ्हा याहून कडेकोट. घनपाठात ओळीतले पहिले तीन शब्द सरळ जात नाहीत: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, आणि मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच. एखादं अक्षर घसरलं तर उलट्या फेरीत लगेच पकडलं जातं. एका अभ्यासात 21 वेदपाठकांचे मेंदू तितक्याच इतरांशी ताडून पाहिले; तो 2016 मध्ये छापून आला. रचनेत फरक दिसले. फोनवर फिरणाऱ्या निरोपांत त्याचा ‘संस्कृतने मेंदू वाढतो’ असा पुकारा झाला, तो त्या अभ्यासाने केलेला नाही. पाठांतराने मेंदू बदलला, की तशा मेंदूची मुलं टिकून पाठक झाली, हे एकाच वेळी घेतलेल्या चित्रांवरून ठरत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांबाबत मात्र कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी रस्ते पाठ करण्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा चित्रं घेतली. परीक्षा पास झालेल्यांचा मागचा हिपोकॅम्पस वाढलेला आढळला, नापासांचा नाही. दोन दाव्यांतला हा फरक विद्यार्थ्याला कळला तर पेपर घेतल्याचं सार्थक झालं, गुण काही का पडेनात.

पाठ्यपुस्तकं हा संशय सहसा शिकवत नाहीत. गॉडन आणि बॅडली यांचे पाणबुडे 1975 पासून प्रत्येक पुस्तकात पोहत आहेत: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच चांगले आठवतात. याप मुरे यांनीच 2021 मध्ये तो प्रयोग पुन्हा केला आणि परिणाम मिळाला नाही. पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांत पाणबुडे बहुधा पोहतच राहतील.

आठवडा गेला की त्या दोघी पुन्हा त्याच टेबलाशी येतात. कार्डं तीच, जागाही त्याच. प्रयुक्तला विचारलं जातं, काय आठवतं? ती हसते, पेण सोडून काही नाही. मग पुन्हा घोकणं. गेल्या खेपेला सतरा फेऱ्या लागल्या होत्या, आज अकरा. जर्नलात उजव्या पानावर बचतीचं गणित मांडलं जातं, 35 टक्के. डाव्या पानावर ‘अंतर्निरीक्षण अहवाल’ असा मथळा असतो, तिथे प्रयुक्तने आपल्या शब्दांत लिहायचं असतं. ती लिहिते: सगळं पूर्ण विसरले होते, यादी नवीनच वाटली. खाली सही करून ती वही बाईंच्या टेबलावर ठेवते आणि दुसऱ्या जोडीसाठी जागा रिकामी करते.